वारेतलं रक्त

कळव्याच्या कोळीवाड्यातली निम्मी पोरं मनुबाईच्या हातून जन्मलेली. पण तिच्याच नातीला, जनीला, थॅलेसेमिया निघाला आणि या सुईणीला काही सुचेनासं झालं. जनीच्या अंगात रक्त टिकत नसे. दर तीन आठवड्यांनी बाहेरचं चढवावं लागे. इस्पितळात जाताना ती आजीच्या मांडीवर मलूल पडलेली असायची, परतताना तिचं तोंड थांबायचं नाही.

शहाण्णव साली सून शेवंती पुन्हा गरोदर राहिली. तपासण्या झाल्या. पोटातल्या बाळाला तो आजार नव्हता आणि त्याचं रक्त जनीशी जुळत होतं. नाळेत आणि बाळामागून पडणाऱ्या वारेत उरणारं रक्त जपून ठेवलं, तर ते देऊन जनीला बरं करता येईल, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले. आपल्याकडे हे फार कुणी केलेलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. शेवंती आणि तिचा नवरा भिवाजी तयार झाले. अडली ती मनुबाई. जास्त रक्त मिळायला नाळ लगेच कापावी लागणार होती, आणि नाळेचे ठोके थांबल्याशिवाय तिनं ती कधी कापली नव्हती. एका लेकराच्या वाट्याचं दुसऱ्याला द्यायचं, हे तिला पटेना. शेवटी बाळंतपण करणाऱ्या ठाण्याच्या डॉक्टर सुमतीबाईंनी तिला शब्द दिला, की ठोके थांबेपर्यंत नाळेला हात लावणार नाही.

बाळंतपणाला त्यांनी तिला आत घेतलं. मुलगा झाला. ठोके थांबल्यावर नाळ कापून सुई घातली, तर पिशवीत जेमतेम तळ झाकेल इतकं रक्त आलं. वार पडली, सुमतीबाई ती ट्रेमध्ये ठेवू लागल्या.

“खाली नका ठेवू, वर धरा,” मनुबाई म्हणाली. “उतार मिळाला की रगत येतंय.”

हातमोजे घालून तिनंच वार खांद्याइतकी उंच धरली, फुगलेली शीर बोटानं दाखवली. पिशवी हळूहळू भरू लागली. तरी हवं तेवढं रक्त मिळालं नाहीच.

“माझ्या हट्टापायी पोरीचं कमी पडलं,” मनुबाई सुमतीबाईंना म्हणाली.

“आजी, त्या हट्टानं हा गुटगुटीत झालाय. कमी पडलं ते तोच देईल थोडा मोठा झाल्यावर.”

तसंच झालं. धाकटा रघू सव्वा वर्षाचा झाल्यावर त्याच्या कमरेच्या हाडातला थोडा मगज काढला, आणि गोठवून ठेवलेल्या रक्ताबरोबर तो जनीला दिला. मग नुसती वाट पाहणं. त्याआधी दिलेल्या जहाल औषधांनी जनीचे केस गेले, तोंड सोलवटलं. पंचवीस दिवस रक्तात नव्या पेशी दिसेनात. जनीला संसर्ग नको म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलं होतं; मनुबाई रोज काचेपलीकडे उभी राहून नातीला खुणांनी हसवायची आणि जिन्यात येऊन डोळे पुसायची. सव्विसाव्या दिवशी आकडा हलला.

काचेशेजारच्या फोनवरून जनीनं विचारलं, “आजी, माझ्या अंगात आता रघूचं रक्त. मग मी पण मुलगा होणार?”

“नाय गं बाय.”

“मग त्याच्यासारखी रडकी?”

“ती तू आधीपासून हायेस,” मनुबाई म्हणाली. जनी इतकी हसली की नर्स धावत आली.