मदर अर्लीननं दिलेली ओळ

हे मी लिहिणारच नव्हतो, खरं सांगतो. आमच्या गावात ही गोष्ट आता जो तो सांगतो, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत तो स्वतः पियानोला खेटून बसलेला असतो. तेवढी माणसं तिथे बसली असती तर चर्चची भिंत पाडावी लागली असती. पियानोला खेटून मी एकटा बसलो होतो. आमच्या पियानोचं पेडल मध्येच अडकतं, ते पायानं सोडवायला.

मी कॉर्टेझ. माउंट नेबो या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी पियानो मी वाजवतो. कुणाकडे शिकलो नाही. ऐकत गेलो, चुकत गेलो, लोक आमेन म्हणत गेले. बाकी आठवडाभर टायरच्या दुकानात असतो.

तर व्हर्डेल मोझली. आमच्या मदर अर्लीनची मुलगी, पन्नाशी ओलांडलेली (चर्चमधल्या सगळ्यात मानाच्या म्हातारीला आम्ही मदर म्हणतो). तिकडे युरोपात तिचं मोठं नाव आहे. लोक तिकीट काढून तिचं गाणं ऐकतात आणि ऐकताना हलत पण नाहीत म्हणे. इथे लोक एवढंच म्हणायचे की अर्लीनची पोरगी परदेशात जाऊन किंचाळते आणि वर त्याचे पैसे घेते.

ते अगदीच खोटं नाही. ती गावी आली तेव्हा पहिल्याच दिवशी चर्चमध्ये सरावाला आली, पियानोचं झाकण उघडलं आणि अख्खा हात कोपरापासून पट्ट्यांवर टेकवला. मग एक सूर धरला. तो घोगरा होत होत खाली गेला, आमचे ढाल्या आवाजाचे बाप्ये पण जिथे जात नाहीत तिथवर, आणि तिथून एकदम वर, किटली शिट्टी मारते तसा. मग जीभ टाळूवर टकटक. मग नुसताच श्वास. मला वाटलं पियानोत मांजर अडकलंय. आणि मग, कसं सांगू, त्या सगळ्याच्या खालून गाणं वर आलं. आमचंच. नदी ओलांडायचं गाणं, जे मी कळत नव्हतं तेव्हापासून प्रत्येक मयताला ऐकलंय. पण असं वाटलं की आज पहिल्यांदा ऐकतोय.

मी विचारलं, ती पहिली कॉर्ड कुठली होती?

"कोपर," ती म्हणाली.

तिथून आमची दोस्ती झाली. दुसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं की मला मिस-बिस म्हणू नकोस, म्हातारं झाल्यासारखं वाटतं.

ती का आली होती ते तिनं मला पेडल दुरुस्त करता करता सांगितलं (दुरुस्त झालं नाहीच). लहानपणी आईच्या मांडीवर ऐकलेली गाणी, देवाची आणि ब्लूजची, दोन्ही, तिला एकटीनं पियानोवर गाऊन रेकॉर्ड करायची होती. इथेच, याच पियानोवर, गावासमोर. पण खरं कारण वेगळं होतं. तरुणपणी एकदा ती या चर्चमध्ये तिच्या पद्धतीनं गायली होती आणि मदर अर्लीन गाण्याच्या मध्यातून उठून निघून गेली होती. मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत. तेव्हापासून मायलेकी दर रविवारी फोनवर बोलतात. हवा, गुडघे, भाऊबंद, कोण मेलं, कोण बाळंत झालं. गाणं सोडून सगळं.

"तिनं एकदा शेवटपर्यंत बसावं," व्हर्डेल म्हणाली. "आवडलं नाही तरी चालेल. बसावं."

मदर अर्लीन येते म्हणाली होती. पण पहिल्या रांगेत, तिच्या हक्काच्या जागेवर बसणार नाही म्हणाली. मागे, दाराजवळ.

व्हर्डेलबरोबर रेकॉर्डिंगवाला होता, डेटलेफ नावाचा जर्मन. उंच, घाबरट, पण गोड माणूस. त्यानं दारावर कागद चिकटवला: कृपया शांत बसावे, मध्ये बोलू नये, टाळ्या गाणे संपल्यावर. चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या डीकन पर्व्हिसनी चष्मा लावून तो वाचला. मग परत एकदा वाचला.

"चर्चमध्ये शांतता?" त्यांनी मला विचारलं. "कोण मेलंय?"

मी म्हणालो, कुणी मेलं तरी आपण कुठे गप्प बसतो. तेच तर म्हणतोय मी, असं म्हणून ते आत गेले.

डेटलेफला सगळ्यात जास्त काळजी एका जागेची होती. नदीच्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी व्हर्डेल थांबायची. हात पट्ट्यांवरून उचलून हवेत धरायची आणि काहीच करायची नाही. तारांचा आवाज विरून जायचा, त्यानंतरही ती थांबायची. सरावात पहिल्यांदा ते झालं तेव्हा मला वाटलं पेडल पुन्हा अडकलं, मी खाली वाकलो. ती म्हणाली, ऊठ, हे गाण्यातच आहे. पाण्यात उतरलेल्या माणसाला पलीकडचा काठ दिसत नाही, तेवढा वेळ. मला ते इतकं पटलं की मी घरी जाऊन तसं थांबून बघितलं. मला जमलं नाही. हात आपोआप खाली येतात.

शनिवारी दुपारी चर्च भरलं. सगळे ठेवणीतले कपडे, टोप्या. मदर अर्लीन पांढऱ्या पोशाखात, पांढरी टोपी, दाराशेजारच्या बाकावर, पर्स मांडीवर. निघायला बसलेल्या माणसासारखी.

पहिलं गाणं ब्लूज. नवरा घरातला एकुलता एक दिवा घेऊन पळून जातो आणि बाई अंधारात भाकरी करते, ते. चर्चच्या पियानोवर! डीकन पर्व्हिस छताकडे बघत बसले, पण त्यांचा डावा पाय खाली ताल धरून होता. पायापर्यंत निरोप पोचला नसावा. व्हर्डेल गुरगुरली, शिट्टीसारखी वर गेली, कोपर टेकवलं. लोक कागदावर लिहिल्याप्रमाणे गप्प. आमची माणसं गप्प बसली की फार वाईट दिसतात, फोटोसाठी उभं केल्यासारखी. दुसरं गाणं झालं. मी मागे बघितलं. मदर अर्लीन होती. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळलेला, पण होती.

मग नदीचं गाणं. एक कडवं. दुसरं. व्हर्डेलनं हात उचलले आणि थांबली.

तारा विरल्या. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

आता एक सांगायला हवं. आमच्यात समोर उभं राहून कुणी अडकलं, ईस्टरचं भाषण विसरलेलं पोर असो की आवाज फुटलेला म्हातारा, तर त्याला कुणी एकटं सोडत नाही. आईच्या दुधातून येतं ते. त्यामुळे डीकन पर्व्हिस हळूच म्हणाले, "सावकाश, बाळा. घाई नको." डेटलेफनं कानावरचे हेडफोन घट्ट दाबले. मागून एक बाई म्हणाली, मदत कर रे तिला, देवा. मग दोघीतिघी म्हणाल्या. कुणीतरी धीराच्या टाळ्या वाजवायला लागलं.

व्हर्डेलचे हात हवेतच. मला तिच्या मानेवरची शीर दिसत होती.

आणि मागे मदर अर्लीन उठली. एक बोट वर करून.

भरल्या प्रार्थनेतून उठून जायचं असेल तर आमच्याकडे असं बोट वर करून जातात, माफ करा म्हणून. सगळ्यांना ते माहीत. सगळ्यांनी बघितलं. व्हर्डेलनं पण बघितलं. मी मनात म्हणालो, मदर, अर्धं मिनिट, फक्त अर्धं मिनिट बसा.

ती दाराकडे वळलीच नाही. मधल्या वाटेनं पुढे यायला लागली. काठी बाकावरच राहिली होती. एका हातानं बाकांच्या पाठी धरत धरत, दुसऱ्या हाताचं बोट वरच. आणि चालता चालता तिनं ओळ टाकली. जुन्या पद्धतीनं, अर्धी बोलून अर्धी गाऊन, जशी पुस्तकं नसताना म्होरक्या ओळ द्यायचा आणि बाकीच्यांनी उचलायची:

"पाणी गळ्याशी आलंय, आई, तुझा पदर दिसू दे."

अख्ख्या माउंट नेबोनं ओळ उचलली. कागद गेला उडत. एक एक शब्द लांबवत, ओढत, वळवत, पन्नास जण पन्नास रस्त्यांनी आणि तरी एकत्र. फरशी हलत होती. मदरनं पुढची ओळ दिली. दोन ओळींच्या मध्ये ती कण्हायची, घोगरी खाली जायची, आणि तिथून एकदम वर. मी पियानोशेजारून वर बघितलं. हे तर मी आठवडाभर व्हर्डेलच्या तोंडून ऐकत होतो! फक्त ते कण्हणं युरोप फिरून आलेलं होतं.

व्हर्डेलला रडू येत होतं आणि हसू पण. तिनं कोपर टेकवलं. बरोब्बर त्यांच्या सुरांच्या शेजारी, त्यांच्यावर नाही. मदर अर्लीन पियानोपाशी पोचली, कोपराकडे बघून नाक मुरडलं, आणि गात राहिली. शेवटपर्यंत.

नंतर खालच्या दालनात जेवण. तळलेला मासा, स्पगेटी, पालेभाजी, कॅरॅमल केक. डेटलेफ माझ्यापाशी येऊन म्हणाला, उद्या संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये ते गाणं परत घेऊ. व्हर्डेल मागेच होती. तिनं त्याच्या हातात माशाची थाळी दिली आणि सांगितलं, झालं ते झालं, तेच ठेवायचं, बाकांच्या करकरीसकट. त्यानं एक घास खाल्ला आणि वाद सोडून दिला.

मदर अर्लीन टेबलाच्या टोकाला बसून सगळ्यांना सांगत होती. पोरीला शब्द आठवेनात. लहानपणी पण तिथेच अडकायची. आई म्हणून कसं बघवेल? मी म्हटलं, आधी हिला पलीकडे नेऊ, मग काय ते बघू. मग तिनं मलाच विचारलं, "तू तर शेजारी होतास, बाळा. विसरली होती ना ती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी केक गिळला.

"हो, मदर," मी म्हणालो. "पार विसरली होती."

मदरनं समाधानानं मान हलवली आणि माझ्या थाळीत आणखी एक मासा टाकला.

गाडीत ताटं ठेवताना व्हर्डेल माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. डीकन पर्व्हिस नुकतेच तिला विचारून गेले होते की पुढच्या वेळी शब्द तळहातावर लिहून देऊ का. ती अजून त्यावर हसत होती.

"ती बसली नाही," ती म्हणाली. "बघितलंस ना? मी इतकी वर्षं म्हणत होते बस, आणि बाई बसलीच नाही."

मी म्हणालो, पण आता सगळा गाव तुला विसरभोळी म्हणणार. म्हणू दे, ती म्हणाली. मग गंभीर झाली. आईला कधी सांगू नकोस, म्हणाली, की ते थांबणं मी मुद्दामच ठेवलं होतं. आणि इथून पुढे रविवारी हे गाणं वाजवशील तेव्हा तिथे थांब. हात वर धर. तिला ओळ देता आली पाहिजे.

मी म्हणालो, पुढेमागे मला हे लिहून ठेवावंसं वाटलं तर? लिही, ती म्हणाली, पण आई आहे तोवर गावात कुणाच्या हाती पडता कामा नये.

"नाही पडणार," मी म्हणालो. "आणि थांबेन मी. डीकन पर्व्हिस घड्याळाकडे बघायला लागले तरी हात खाली आणणार नाही."