आधी कडकपणा गेला, मग अंग

मी पिस्टन बोलतो आहे. नदी ओलांडणाऱ्या एका प्रवासी बोटीच्या इंजिनात वरखाली करीत राहणे, एवढाच माझा या हकिकतीतला वाटा. आता मी तेलकट फडक्यावर आडवा पडलो आहे आणि खरे सांगायचे तर पुन्हा उठण्याची इच्छा उरलेली नाही.

जन्मतः मी मऊच होतो. नुसते ॲल्युमिनियम खिळ्यानेही सहज ओरखडले जाते. म्हणून माझ्यात सिलिकॉन आणि थोडे तांबे मिसळले. साच्यातून काढल्यावर मला भट्टीत तापवले, पाण्यात बुडवले आणि मग कित्येक तास मंद आचेवर ठेवले. घासले जाऊनही टिकून राहण्याचे बळ मला त्या मोजूनमापून दिलेल्या उष्णतेने दिले.

बोट दोघा भावांची होती. थोरला सुकाणू धरी, धाकटा इंजिन सांभाळी. तिकिटे फाडणाऱ्या वहिनींचा वचक मात्र दोघांवर सारखाच असे.

एकदा दुरुस्तीसाठी मला बाहेर काढले, तेव्हा मला दांड्याशी जोडणारी पिन अडकून बसली. मला गरम तेलात ठेवले असते, तर ती आपसूक सरकली असती. पण धक्क्यावर प्रवासी कुरकुरत होते. तेल तापेपर्यंत लोक पोहून पलीकडे जातील, असा टोमणा थोरल्याने मारला आणि धाकट्याने गॅसची ज्योत थेट माझ्या अंगाला लावली. लोखंड लाल होऊन इशारा तरी देते. आमचा रंग बदलत नाही. पिन निघाली, बोट वेळेवर सुटली, धाकट्याची पाठ थोपटली गेली. त्या बेमाप आचेने माझा कडकपणा गेल्याचे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

तेव्हापासून सिलिंडरच्या भिंतीला घासून मी झिजतच गेलो. आधी धूर येऊ लागला, मग खडखड. इंजिनाचे वय झाले, असे थोरला म्हणे. माणसांना आवाजाची सवय फार लवकर होते.

काल भर प्रवाहात इंजिन गुदमरले. भरलेली बोट पुलाच्या खांबांकडे वाहत निघाली. खांब अगदी जवळ आले, तेव्हा कुठे इंजिन पुन्हा सुरू झाले.

आज धाकट्याने मला बाहेर काढले. अंगावरचे चरे त्याने बोटाने चाचपले. मग म्हणाला, की घासून-पुसून, नव्या रिंगा चढवून हंगाम निभावून नेऊ. थोरल्याने मान डोलावली. पुन्हा भट्टीत घातला तर हा पूर्ववत होईल का, असे वहिनींनी विचारले.

"कडकपणा येईल, वहिनी. झिजलेले अंग कुठून आणू?"

"मग उद्याच्या पहिल्या फेरीत तुमच्या दोन्ही मुलींना बसवा, भावजी. तिकीट मी फाडते."

धाकट्याने हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला.

ठरले ते असे: नवा पिस्टन येईपर्यंत बोट धक्क्यालाच बांधून ठेवायची आणि मला वितळवायला द्यायचे. वहिनींनी सांगितले, थोरल्याने होकार दिला, धाकट्याने खाली पाहतच मान हलवली. मला कोणी विचारले नाही. पण माझी हरकत नव्हती.