अकरा उपडे पाटे

वाटी फरशीवर गरगरली, हळूहळू मंदावली आणि शेवटी टण्णकन पडली. खोलीतली शांतता त्या एका आवाजानं मोडली ती मोडलीच.

"भिंगरी, किती वेळा सांगितलं?"

"मी नाही पाडली. तीच पडली," टेबलाखालून पाच वर्षांचं उत्तर आलं.

तिच्या आईनं लॅपटॉपच्या पडद्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं, एक स्वल्पविराम काढला, परत घातला. उठली. खिडकी लावली, उघडली. तासाभरापूर्वीच्या चहावर साय धरली होती. दुपारचे दोन वाजले होते आणि पाचला अहवाल जायचा होता.

या दोन खोल्यांत येऊन त्यांना चार महिने झाले होते, तरी भिंतीकडेचे खोके अजून चिकटपट्टीतच होते. लागेल ते वरून काढायचं, एवढंच. भिंगरीचे बाबा दर रविवारी फोन करायचे. आधी "येताय कधी?" विचारायचे, आता "जेवलीस का?" एवढंच विचारून फोन लेकीकडे द्यायला सांगायचे. त्या घरातून घाईघाईत निघताना तिनं चहाचं भांडं घासून ओट्यावर ठेवलं होतं. निघण्यातलं तिला तेवढंच आठवायचं.

अहवाल एका डोंगरउताराचा होता. तिथं दगडाची खाण व्हायची होती, आणि त्याआधी जुन्या माणसांच्या खुणा तपासायला तिला नेमलं होतं. चार महिने ती उतार पायाखाली घालत होती. अकरा जागा सापडल्या. प्रत्येक जागी चुलीची राख, राखेवर वीतभर स्वच्छ माती, मातीवर पुन्हा राख. असे थरावर थर, शेकडो वर्षांचे. आणि प्रत्येक चुलीशेजारी दळायचा एक पाटा, दोघांनी मिळून हलेल एवढा जड. अहवालात शेवटी एकच रकाना महत्त्वाचा होता. वस्ती चालू आहे, की सोडून दिलेली? सोडून दिलेली असली की खाणीला वाट मोकळी.

'सोडून दिलेली,' तिनं लिहिलं होतं. 'पाटे निकामी, टाकून दिलेले.'

दारावर थाप पडली. ड्रायव्हर वाटाडीला घेऊन आला होता. त्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या लोकांतली ही म्हातारी. गुडघ्यांमुळे या चार महिन्यांत ती वर कधी आलीच नव्हती. पायथ्याशी बसून काठीनं वाटा दाखवायची. आज तिच्या जबाबावर अंगठा हवा होता.

"या मावशी, बसा. पाणी देते."

"पाणी दे. बसते मात्र खालीच. तुझ्या खुर्च्या बसल्या की डुलतात."

खाली सगळीकडे फोटो पसरले होते. वाटाडीनं एक उचलला, डोळ्यांपासून लांब धरला. मग दुसरा. तिसरा हातात घेतला तेव्हा तिच्या तोंडातलं पुटपुटणं थांबलं.

"हे उताणे कुणी केले?"

"काय?"

"पाटे. ही खोलगट बाजू आभाळाकडं कुणी केली?"

"आम्हीच. म्हणजे मीच करायला लावले. सगळे उपडे पडले होते. घासून झालेली झीज फोटोत दिसायला हवी ना."

"मग परत उपडे केलेस?"

हातातला पाण्याचा पेला तिनं दुसऱ्या हातात घेतला.

वाटाडी अचानक हसली, सगळं बोळकं दाखवत. "अगं बया! अकरा बायका मारल्यास की तू."

"मावशी?"

"निघताना बाई आपला पाटा उपडा घालते. पाऊस साचू नये, धूळ बसू नये. मी परत येणार, कुणी हात लावू नका, असं सांगणं असतं ते. बाई मेली की मग तिच्या लेकी तो उताणा करतात. पाणी साचतं, पाखरं पितात. पुन्हा त्यावर कुणी दळत नाही." तिनं एका फोटोवर बोट टेकलं. "हा माझ्या आईचा. तिच्यामागं तो मी दळायला घेतला, म्हणून उपडाच ठेवला. तीन वर्षांपूर्वी खाणीसाठी कुंपण घातलं तेव्हापासून वर जायला मिळालं नाही. पण मी अजून आहे ना गं इथं?"

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तू वाटा विचारल्यास. पाटे कुठं विचारलेस?"

टेबलाखालून भिंगरी रांगत बाहेर आली आणि म्हातारीच्या गुडघ्याला टेकून बसली.

"पण मधली माती, मावशी? दोन राखांच्या मध्ये माती साचलीय. तिथं कुणी नव्हतं म्हणूनच ना?"

"माती साचते तेव्हा आम्ही पुढच्या चुलीपाशी असतो. तुम्ही शाळेत गेलात की घर सोडलंत म्हणतात का?"

तिनं नकाशा ओढून घेतला. अकरा ठिपके. दोन ठिपक्यांतलं अंतर तिला पहिल्यापासून खटकत होतं. धडधाकट माणूस तासाभरात कापेल एवढंच ते होतं. इतक्या जवळ जवळ का थांबायचं?

वाटाडीनं वाकून पाहिलं. "पोर कडेवर असलं की तेवढंच होतं चालणं," ती सहज म्हणाली, आणि भिंगरीच्या केसांतून हात फिरवला. "ही बरी जड असेल."

"हो," ती म्हणाली. तिचा हात नकळत कमरेवर गेला होता.

म्हातारी एकेक फोटो उचलून फरशीवर पालथा घालू लागली. भिंगरीला खेळ वाटला, तीही घालू लागली. अकरावा पालथा पडला तेव्हा वाटाडीनं अंगठ्याची शाई परत सरकवली.

"आधी नीट लिही. मग उठवते."

तिनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, रकाना बदलायचाय. वस्ती चालू आहे."

"आता? पाचला फाइल जातेय. काय खुसपट काढलंस?"

"खुसपट नाही, चूक आहे. माझी. पाटे उपडे होते, मी उताणे केले. माझ्या डायरीत अकराही ठिकाणी 'उपडा' लिहिलेलं आहे. तेही जोडते."

"स्वतःची चूक स्वतःच्या हातानं लिहिणार? पुढच्या कामाला तुला कोण घेईल, विचार केलायस?"

तिनं खोक्यांकडे पाहिलं. "केलाय. आणि उद्या चार माणसं हवीत. वर जाऊन सगळे पाटे परत उपडे करायचेत."

पलीकडून फोन बंद झाला. तिनं 'टाकून दिलेले' खोडलं आणि 'ठेवलेले' लिहिलं. अकरा वेळा. शेवटी स्वतःचं नाव, चूक, तारीख. वाटाडीनं अंगठा उठवला, पुसलेलं बोट लुगड्याला पुन्हा पुसलं आणि ड्रायव्हरचा हात धरून जिना उतरली.

साडेचार वाजले होते. अहवाल गेला. ती उठली, बसली, पुन्हा उठली. पहिल्याच खोक्याची चिकटपट्टी नखानं थोडी सोलली आणि तशीच सोडली.

भिंगरी खिडकीखाली वाटी उपडी घालून तिच्यावर हात ठेवून बसली होती.

"आई, ही माझी. हिला कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"मी परत येणार आहे ना, म्हणून." थोडा वेळ ती वाटीच्या बुडावर बोटानं गोल गोल काढत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "आई, बाबांच्या घरातून निघताना आपण काय उपडं ठेवलं होतं?"