चवरीचा उपास

अनघाताईंनी पाइपवर पाय ठेवला. पलीकडच्या टोकाची धार आधी बारीक झाली, मग थेंब थेंब, मग बंद.

सोसायटीच्या माळ्यानं, निवृत्तीनं, पाइपच्या तोंडात डोकावून पाहिलं, पाइप झटकला आणि मागं वळला.

"ताई, पाय काढा की."

"आधी नळ बंद कर."

"राजेंद्रसायबांनी सांगितलंय. उद्या जेसीबी येनार, तवर माती मऊ पायजेल म्हनं."

"निवृत्ती, नळ."

तीस वर्षं लोणावळ्याच्या शाळेत शिकवूनही अनघाताईंना आवाज चढवता आला नव्हता. वर्गात त्या बोलायला लागल्या की मुलंच गप्प होत, कारण गप्प झाल्याशिवाय ऐकू येत नसे. आताही निवृत्तीला ओठ हललेले दिसले तेवढे पुरले. तो नळाकडं गेला.

वैशाख चालू होता. वैशाखात येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायचं हा त्यांचा नेम. सोसायटीच्या फाटकाबाहेरचा माठ त्या रोज सकाळी जप आटोपला की स्वतः भरत. आणि याच बाई आज पाणी अडवून उभ्या होत्या.

समोर दगडांची उतरंड होती. तुंगार्लीच्या चढावरच्या त्या सोसायटीचा हा मागचा कोपरा. दगडांच्या फटींत लालसर माती, तिच्यावर भेगा, बाकी काही नाही. गवताची काडीसुद्धा नाही. नव्या माणसाला वाटावं, बांधकामाचा राडारोडा उचलायचा राहून गेलाय.

तसा तो राडारोडाच होता. सात वर्षांपूर्वी बंगल्यांसाठी इथला कातळ फोडला, तेव्हा मातीच्या ढिगाऱ्यात रुंद पानांचे, पांढऱ्या तुऱ्यांचे गड्डे उलटेपालटे पडलेले अनघाताईंनी पाहिले. चवर. पावसाळ्यात पठारांवर फुलणारी. पदरात मावतील तेवढे कंद त्यांनी आणले आणि फोडलेलेच दगड रचून त्यांत लावले. पहिली दोन वर्षं मायेनं रोज पाणी घातलं, आणि त्या मायेनंच निम्मे कंद कुजले. काही कुंड्यांत लावले होते, ते तर सगळेच गेले.

मग एकदा निवृत्तीची आई, भामाबाई, पवनानगरहून लेकाकडं आली होती. तिनं फटीत बोट घालून माती उकरली, वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"बाई, ह्ये कातळावरचं हाय. पावसात पोटभर जेवतं, नि दिवाळी सरली की उपास धरतं. उपासाच्या टायमाला तुमी त्याच्या तोंडात घास कोंबताय. जगंल कसं?"

उपास म्हटल्यावर अनघाताईंना सगळं कळलं. तेव्हापासून दिवाळी ते पाऊस, त्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब पडू दिला नव्हता. गेल्या श्रावणात अकरा तुरे आले होते.

आता तिथं हिरवळ, खोटा धबधबा आणि फोटोला उभं राहायला भिंतीवर रंगवलेले पंख असं ठरलं होतं. शनिवार-रविवारी बंगले भाड्यानं घेणाऱ्यांना तेच लागतं, असं अध्यक्ष राजेंद्रचं म्हणणं. बैठकीत अनघाताई "नाही" म्हणाल्या होत्या. पण ते शेजारच्या खुर्चीपलीकडं गेलं नाही आणि इतिवृत्तात "सर्वानुमते" असं आलं.

नळ बंद करून निवृत्ती जवळ आला आणि इकडंतिकडं बघून म्हणाला,

"ताई, एक सांगू? त्या उभ्या दगडाला शेंदूर फासू. जेसीबी काय, त्याचा मालक आला तरी हात लावायचा न्हाई."

"देवाला वॉचमन करायचा?"

"आमच्याकडं बांधाला असंच करत्यात."

"तुमच्याकडं करत असतील. मी रोज त्याच्यासमोर बसते. उद्या कुठल्या तोंडानं बसू?"

"मंग उद्या तुमच्या चवरीचा उपास कायमचा मोडला म्हनायचा."

अनघाताईंनी पाइप स्वतः गुंडाळून घरी नेला.

दुसऱ्या दिवशी जप चालू असतानाच घंटेचा आवाज आला. त्यांनी माळ तशीच हातात धरली आणि मागच्या कोपऱ्याकडं चालू लागल्या.

उभा दगड डोक्यापासून पायापर्यंत शेंदरी झाला होता. वर जास्वंद. जेसीबी दूर बंद उभा. त्याचा चालक कैलास, वराळ्याचा, चपला काढून हात जोडून उभा. फिरायला निघालेली चारसहा माणसं जमली होती आणि राजेंद्र, ज्याला त्यांनी देवळात कधी पाहिलं नव्हतं, तो नारळ घेऊन सगळ्यांच्या पुढं.

"काकू, तुम्ही आधी का नाही सांगितलं? अहो, स्वयंभू स्थान निघालं. धबधबा रद्द! इथं चौथरा बांधू, ग्रॅनाइट बसवू. रोजचा अभिषेक ठेवू."

अनघाताईंचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. दगडाच्या पायथ्याशी माती काळी पडली होती. एक बाई तांब्या ओतून बाजूला झाली, तिच्यामागून दुसरी पुढं आली. पाणी फटीफटींतून खाली उतरत होतं. जास्वंदीच्या झुडपामागं निवृत्ती खाली मान घालून उभा होता.

"पाणी घालू नका," त्या म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. तिसरा तांब्या ओतला गेला.

त्या घरी गेल्या. परत आल्या तेव्हा एका हातात खोबरेल तेलाची वाटी होती, दुसऱ्या हातात जुन्या पातळाचं धुतलेलं फडकं. माणसांना वाटलं, पूजा. त्यांनी वाट करून दिली.

दगडापुढं त्या वाकल्या. तेलात बुडवलेलं फडकं दगडापासून बोटभर अंतरावर थांबलं. त्यांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी डोळे उघडले, जास्वंद उचलून बाजूला ठेवली आणि शेंदूर पुसायला सुरुवात केली.

"काकू!" राजेंद्र ओरडला. "तुम्ही? तुम्ही देव पुसताय?"

"हा दगड आहे, राजेंद्र. देवाशी माझी रोज गाठ पडते. ओळखते मी त्याला."

"मग हे केलं कुणी? निवृत्ती?"

"कुणी का केलं असेना. माझ्यापायी केलंय, म्हणून मी पुसतेय."

काळा खडक परत दिसायला लागला. त्यांची बोटं, मनगट, पदराचं टोक शेंदरी झालं. तांब्या घेतलेल्या बाया मागं सरकल्या. एकीनं स्वतःच्या गालावर हलक्या चापट्या मारून घेतल्या.

राजेंद्रनं नारळ काखेत धरला.

"म्हणजे इथं देव नाही. बरं झालं, अडचणच मिटली. कैलास, मशीन घे."

"मिटली नाही," अनघाताई म्हणाल्या. साडी सावरत त्या दगडांत शिरल्या आणि मधल्या सपाट दगडावर मांडी घालून बसल्या. "देवाचं नाव पुढं आलं तेव्हा तू थांबलास. ते मी पुसलं. आता मी सांगतेय. मी. इथं खोदायचं नाही."

हे फाटकापर्यंत ऐकू गेलं असावं. वॉचमन केबिनमधून बाहेर आला.

कैलास चपला हातात घेऊन पुढं आला. "मावशी, उठा की. ऊन वाढतंय."

"नाही."

"किती येळ बसनार?"

"पावसाला तीन आठवडे आहेत."

कैलासनं राजेंद्रकडं पाहिलं, मग बाईंकडं. "सायेब, मानूस बसल्यालं असताना आपन बकेट हालवत न्हाई." चावी काढून त्यानं खिशात टाकली आणि सावली शोधायला गेला. बाकीची माणसंही एकेक करून पांगली. कुणाला ऑफिस होतं, कुणाला दूध तापवायचं होतं. जास्वंदीमागून निवृत्ती तेवढा बाहेर आला आणि जिथं पाणी मुरलं होतं तिथली माती दोन्ही हातांनी सैल करून वाऱ्यावर घालू लागला.

राजेंद्र उभाच राहिला. या दगडावरून त्या दगडावर त्याची नजर फिरत होती. शेवटी तो वाकला, एका फटीत डोकावला.

"काकू, तुमचं ते झाड आहे तरी कुठं?"

"खाली आहे."

"दिसत तर काहीच नाही."

"आत्ता नाही दिसायचं."

"मग मी कशावर विश्वास ठेवायचा?"

अनघाताईंनी वर पाहिलं. त्यांना हसू आलं नाही. पाय आखडून घेत त्या जराशा सरकल्या. त्या दगडावर आणखी एकाला बसण्यापुरती जागा होती.