खंडेनवमीला धुतलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. रंगाने काळा, अंगाने जाड आणि झाकण उघडताना थोडा कुरकुरणारा. माझं बालपण मात्र मला विचारू नका. आमच्यात रीतच अशी आहे, की एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना पोटातलं सगळं पुसून टाकतात. पुण्याच्या कुठल्याशा कचेरीत मी कामाला होतो, हे मी अंगावरच्या खुणांवरून सांगतो. झाकणावर नंबराची चिठ्ठी खरवडल्याचा चिकट डाग आहे. दोन-तीन बटणांवरची अक्षरं झिजून गेलीत. म्हणजे कुणीतरी माझ्यावर पुष्कळ लिहिलं. काय लिहिलं, ते गेलं. वाईट वाटतं का? नाही. मला तसं काहीच वाटत नाही. चालू केलं की चालू, बंद केलं की बंद.

कचेरीत नवे लॅपटॉप आले, तेव्हा आम्हा जुन्यांना खोक्यांत भरलं. टेम्पोतून मी भिंगारला हर्षलच्या दुकानात आलो. हर्षल जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकतो. त्याने मला उघडलं, धूळ फुंकली, रॅम वाढवली आणि "जुन्या कामाची बातच वेगळी" असं म्हणून फळीवर ठेवलं. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच. गिऱ्हाइकं यायची, शेजारच्या पातळ, चकचकीत लॅपटॉपांवर बोट फिरवायची आणि मला ओलांडून पुढे जायची. अर्धा पावसाळा तसाच गेला.

मग एका दुपारी जामखेडकडची तीन माणसं आली. आरती, तिची आई लंकाबाई आणि मामा भागवत. आरतीला नगरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीला प्रवेश मिळाला होता. घरात असा प्रवेश घेणारी ती पहिलीच. पण आनंद म्हणावा असा काही तिच्या तोंडावर दिसेना. का, ते मामाने खुर्चीवर टेकता टेकताच सांगून टाकलं. आरतीचे वडील गोरक्षनाथ, तिचे आण्णा, वैशाखात झोपेतच गेले होते. तेव्हापासून पोरगी रडली नाही की भांडली नाही. जे विचाराल त्याला 'चालेल' म्हणते, झालं.

मित्रांनो, आरतीचे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, म्हणून इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. ऊसतोडीच्या कामात 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. मुकादम तसेच कोयते मोजून टोळी करतो. गोरक्षनाथ गेले आणि लंकाबाई अर्धा कोयता झाली. गावात सगळ्यांना वाटत होतं, की दुसरा अर्धा घरातच आहे. धट्टीकट्टी आहे, वयात आलेली आहे, आणि तिला काहीही चालतं. लंकाबाईला तेच नको होतं. म्हणून हंगामाआधी पोरीच्या हातात लॅपटॉप द्यायचा तिने हट्ट धरला होता.

मामाला लाल दिव्यांच्या बटणांचा लॅपटॉप आवडला. "असा घ्या, की कॉलेजात चार पोरांनी बघावं." हर्षलने त्याला समजावलं, की तो खेळ खेळायचा आहे, तापतो, आणि बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. मग त्याने आरतीला विचारलं, शिकायचं काय? तिने सांगितलं, प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस. त्याने फळीवरून मला काढलं. दणकट आहे, म्हणाला, बटणं चांगली आहेत, सुटे भाग कुठेही मिळतात. फक्त एक आहे. नवं विंडोज याला नीट पेलत नाही. जुगाड करून बसवता येतं, पण रडतखडत चालेल आणि पुढे अपडेट मिळतील याचा भरवसा नाही. त्यापेक्षा लिनक्स टाकू. हलकं आहे, फुकट आहे, आणि तुमचं सगळं काम त्यावर होतं.

'फुकट' म्हटल्यावर मामा सावध झाला. "फुकट हाय तर त्यात कायतरी खोट असनारच की."

"मामा, तुमच्या मोबाईलमध्ये आतून तेच आहे," हर्षल म्हणाला. मामाने खिशातला मोबाईल काढून उलटापालटा करून पाहिला आणि संशयानेच परत ठेवला.

"बोला ताई. विंडोज की लिनक्स?"

"चालेल," आरती म्हणाली.

"काय चालेल?"

"कुठलंपण."

तेव्हा लंकाबाई पुढे झाली. तिने मला दोन्ही हातांवर तोललं, झाकण दोनदा उघडलं-मिटलं. "बिजागरी घट हाय," ती म्हणाली. "ह्योच द्या. आन् आत तुमाला योग्य वाटंल ते टाका." अशी माझी निवड झाली. जिच्यासाठी निवड झाली, ती तेवढा वेळ दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघत होती.

हॉस्टेलवर ती मला रोज उघडायची. कॉलेजचं काम नेमाने करायची. पण काम संपलं, की तशीच माझ्या पडद्यासमोर बसून राहायची. थोड्या वेळाने माझा पडदा आपोआप काळा व्हायचा. त्यात तिचा चेहरा दिसायचा. तोही तसाच. आम्ही दोघं एकमेकांना शोभत होतो म्हणा ना. तिच्या बरोबरीच्या मुलींनी आपापल्या पडद्यांवर चित्रं लावली होती. माझ्यावर दुकानातून निघताना जे होतं तेच राहिलं. नावसुद्धा हर्षलने टाकलेलं, 'स्टुडंट'.

नवरात्राच्या सुट्टीत ती मला घेऊन गावी गेली. खंडेनवमीचा दिवस उजाडला. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. लंकाबाईने कोयते, विळे, खुरपी, सगळं अंगणात काढलं आणि घासून घासून धुतलं. आरती झेंडूची फुलं आणायला गेली होती. लंकाबाईच्या मनात आलं, की पोरीचंही हत्यार आहेच की. आपल्या हत्यारांची पूजा करायची आणि तिचं तसंच ठेवायचं, हे बरं नव्हे. तिने मला बाहेर आणलं. पाटावर ठेवून झाकण उघडलं. बटणांच्या फटीत हॉस्टेलची धूळ बसली होती. बिनधुतल्या हत्याराला ती कुंकू लावणार नव्हती. तिने तांब्या उचलला आणि हलक्या हाताने, लेकराला न्हाऊ घालावं तसं, माझ्यावर पाणी ओतलं.

मी बंद पडलो.

पुढचं मी तेव्हा ऐकलेलं नाही. नंतर आरतीने हर्षलला सांगितलं, तेव्हा मी टेबलावर उघडा पडलो होतो. तेच तुम्हाला सांगतो.

आरती फुलं घेऊन आली, तेव्हा अंगणात मुकादम काकासाहेब बाजेवर बसलेले होते. टोळी पक्की करायला ते दारोदार फिरत होते. लंकाबाई मला पदराने पुसत होती. "मी धुतलं गं फकस्त," ती म्हणाली. "धुतल्याबिगर पुजायचं कसं?"

आरतीने फुलं खाली ठेवली. मला उचलून पालथं केलं. शेजारच्या शिवणयंत्राचा पेचकस आणून पाठीचे स्क्रू काढले, बॅटरीची वायर सोडवली. लंकाबाई म्हणाली, पत्र्यावर उन्हात ठेवू. आरती म्हणाली, सावलीत. लंकाबाई म्हणाली, बाजरीत पुरू, मोबाईल भिजला की तांदळात पुरतात तसं. आरती म्हणाली, दाणे आत जातील. आई, तू हात नको लावू. वैशाखापासून ती सलग इतकी बोलली नव्हती. तिच्याही ते लक्षात आलं नाही.

काकासाहेब सगळं बघत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना टोळी भरायची होती. ते म्हणाले, "वहिनी, यंत्राचं तर असं झालं. आता पोरीला चल म्हना एवढ्या हंगामाला. मायलेकीचा एक कोयता हुईल. कॉलेज काय पळून जातंय?"

इतके महिने लंकाबाईने हा विषय निघाला की मान हलवून 'न्हाई' म्हटलं होतं. त्या दिवशी तिने मान हलवली नाही. तिला वाटत होतं, आपल्याच हाताने आपण पोरीची वाट बंद केली. ती एवढंच म्हणाली, "आता तिलाच इचारा."

काकासाहेब वळले. काय उत्तर येणार ते त्यांना ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं.

"मी न्हाई येनार," आरती म्हणाली.

काकासाहेब म्हणाले, मग तुझी आई घरी बसणार. अर्धा कोयता कुणी नेत नाही.

"मनकर्णा मावशी हाय की." मनकर्णा म्हणजे त्यांची शेजारीण. तिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता, तो हा हंगाम घरीच बसणार होता, म्हणजे तीही अर्धाच कोयता. "आई आन् मावशी. दोघींचा एक कोयता लावा."

"दोन बायांचा कोयता आसतो व्हय?"

"का? मायलेकीचा चालत हुता की तुमाला आत्ताच. त्या काय दोन बाप्ये हायेत?"

काकासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मनकर्णाला बोलावणं गेलं. ती हात पुसत आली आणि सगळं ऐकून लंकाबाईला म्हणाली, "माझ्यासंगं न्हाई भागायचं तुझं, मी लई घोरते." लंकाबाई हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. तिने पदर तोंडाशी धरला. आरती मात्र कोरडीच होती.

दिवाळीआधी ट्रॅक्टर निघाला. दोघी बायका त्यात बसल्या. आरती मला पिशवीत घालून भिंगारला आली.

हर्षलने सगळं ऐकून घेतलं. मला नवीन कीबोर्ड बसवला. बाकी सगळं शाबूत होतं. मग म्हणाला, "उघडलाच आहे तर विंडोज टाकू का? मागच्या वेळी तुम्ही काही बोलला नव्हतात."

"नको," आरती म्हणाली. "ते याला जड जाईल. मला लागतं ते सगळं लिनक्सवर होतं. एक सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, ते मी कॉलेजच्या लॅबमध्ये करीन. आणि यात काही अडलं तर कुठं बघायचं ते आता मला कळतं." मग ती म्हणाली, "फक्त नाव बदलायचंय. ते मी बदलते." तिने 'स्टुडंट' पुसलं आणि 'आरती गोरक्षनाथ' लिहिलं. दुसऱ्या नावापाशी तिची बोटं जरा अडखळली.

सध्या संध्याकाळी ती उसाच्या फडावर आईला फोन लावते. जेवलीस का, पाणी मिळतं का, मावशी घोरते का, असं चालतं. परवा असंच चाललं होतं. मी समोर उघडा होतो, प्रोग्रॅम अर्धवट होता. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "आई, आण्णांची लई आठवन येती गं."

मग लंकाबाई म्हणाली, "रड बाई. मी हाय फोनवर."

ती रडली. माझा पडदा काळा झाला, तिला कळलंही नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला पाण्याने धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा, एवढं केलंत तर मी अजून काही वर्षं काम देईन. मला काही वाटलं नाही तरी कुणाचं अडत नाही. पण तुमच्या घरात एखादं माणूस माझ्यासारखं गप्प चालू-बंद होत असेल, तर त्याचं काम नीट चाललंय म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच्याजवळ बसा. ते फोनवर असेल तर फोन ठेवू नका.