पोत्यावर आडवा निवडुंग

मी एक जुना निवडुंग आहे, खांबासारखा सरळ वाढणारा. पण मित्रांनो, आज मी उभा नाही. पडवीत पोत्यावर आडवा पडलो आहे आणि जगेन की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.

पाथर्डीकडच्या एका वाडीत गोजरबाईंच्या दाराशी मी वीस वर्षे वाढलो. मला पाने नाहीत. अंगावर आठ उभ्या धारा, धारांवर काट्यांचे झुबके आणि मेण चोळल्यासारखी निळसर साल. पाऊस पडला की धारांमधल्या घड्या उलगडतात, मी पाणी भरून घेतो. उन्हाळ्यात ते पुरवून पुरवून वापरतो, घड्या पुन्हा मिटतात. रात्री उमललेले माझे पांढरे फूल सकाळी मिटण्याआधी गोजरबाई देवाला वाहत.

यंदा त्यांचा मुलगा अजिनाथ आणि सून ऊसतोडीला गेले. ती दोघे सुखरूप येईपर्यंत दारच्या झाडाला रोज तांब्याभर पाणी घालायचे, असा नेम गोजरबाईंनी धरला. दारात झाड मी एकटाच. थंडीत मला पाणी सोसत नाही, हे त्यांना कोण सांगणार? माझ्या घड्या फुगून सपाट झाल्या. मूळ कुजू लागले. सकाळी त्यांची पावले वाजली की मला धडकी भरे.

"कसा गुबगुबीत झालाय माझा राजा!" त्या कौतुकाने म्हणत.

चैत्रात अजिनाथ परतला. त्याने माझ्या बुडाशी बोट दाबले, ते आतच गेले.

"आये, हे तर लोण्यावानी झालंय! पानी घालीत हुतीस व्हय?"

"रोज. तापानं फणफणले तरी चुकले न्हाई."

"आगं, निवडुंग हाय ह्यो, म्हस न्हाई!"

त्याने कोयता घेतला. पहिला घाव, आत तपकिरी. त्याच्या वर दुसरा, तोही तपकिरी. गोजरबाई डोळे मिटून जप करू लागल्या. तिसऱ्या घावात कुजका असा एकच तपकिरी ठिपका उरला. चौथ्याला गर पांढरा निघाला, पण मी उरलो कमरेएवढा.

"आता पंधरा दिस सावलीत सुकू दे. पान्याचा थेंब न्हाई. मंग लावू, फुटली मुळं तर फुटली."

"आन् माझा नेम?"

"आमी आलो की घरी. फळला तुझा नेम."

"फळला रे," त्या हळूच म्हणाल्या, "पन ह्याच्या जिवावर."

आज नववा दिवस. घावावर खपली धरते आहे. ठिपका पुन्हा दिसतो का, हे बघायला गोजरबाई दिवसातून चारदा येतात.

मित्रांनो, कुणाची काळजी घ्याल तेव्हा आधी त्याच्या अंगाकडे बघा. माझ्या घड्या मिटल्या असतील तरच पाणी द्या. फुगल्या असतील, तर तांब्या तसाच भरलेला घरात न्या. तेवढे केलेत, तरी मी जगेन.