मुकादमाचा हिवाळा

पाण्यावर धरलेला बर्फ तिने हातोडीच्या दोन घावांत फोडला, तुकडे उचलून बाहेर फेकले आणि पटकन गजांपासून मागे सरली. गजांपलीकडे वळू उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, नाकातून वाफ सोडली आणि मान खाली घालून संथपणे पाणी पिऊ लागला.

"प्यायला का?" अंगणातून सासऱ्यांनी विचारलं.

"पितोय."

"आणि चारा?"

"खाईल की. त्याला काय धाड भरलीय?"

गेले दोन-अडीच महिने घरात वळूबद्दल एवढंच बोलणं होत होतं. हिवाळा लागता लागता या वळूने त्यांच्या मुलाला, तिच्या नवऱ्याला, याच गोठ्याच्या भिंतीशी दाबून मारलं होतं.

वळूचं नाव मुकादम. ते नवऱ्यानेच ठेवलेलं. वासरू होता तेव्हापासून हा रोज सकाळी कळपाभोवती एक फेरी मारायचा आणि हजेरी घेतल्यासारखा एकेका गाईपुढे थांबायचा. "आले बघ मुकादम," नवरा म्हणायचा, "आता आपलं काही खरं नाही."

जात जुनी होती. अंगाने बुटकी, रंगाने राखाडी, डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखी वर्तुळं. दूध म्हणाल तर घरच्या चहापुरतं आणि वर चमचाभर लोणी. पण ही गुरं कडाक्याच्या थंडीत उघड्यावर तगायची, खरखरीत गवतावर निभावून न्यायची आणि विताना माणसाची वाट बघायची नाहीत. आजूबाजूच्या शेतांवर सगळ्यांनी केव्हाच मोठाल्या, बादल्या भरणाऱ्या गाई आणल्या होत्या. या एका घराने मात्र हट्ट सोडला नाही. आधी सासऱ्यांनी आणि मग नवऱ्याने. आता नऊ गाई उरल्या होत्या आणि मुकादम. दूरच्या एका शेतावर याच जातीचा आणखी एक वळू होता, तो मागच्या उन्हाळ्यात साथीत गेला.

ती शिंप्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा गाईच्या शेपटीलाही भ्यायची. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने घर पाहिलं, भाजीचे वाफे पाहिले, शिवणयंत्र चालवलं. गोठा नवऱ्याचा. जेवताना बोलणंही गुरांचंच. एकदा तिने वैतागून विचारलं होतं, "लग्न माझ्याशी केलंत की त्यांच्याशी?"

"तुझ्याशीच," घास न थांबवता तो म्हणाला होता. "त्यांनी नकार दिला."

माती देऊन सगळे परतले त्या दुपारी लेक म्हणाली होती, "आजोबा, उद्या त्या वळूला खाटकाच्या गाडीत घाला." लेक शहरातल्या इस्पितळात नर्स होती. रडून तिचा चेहरा सुजला होता, पण आवाज अगदी कोरडा होता.

सासरे बराच वेळ स्वतःच्या पंजांकडे बघत राहिले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "मुलगा माझा होता. नवरा तुझा होता. तू म्हणशील ते."

सहा गाई तोवर गाभण होत्या. तीन व्हायच्या बाकी होत्या. मुकादम गेला तर त्या तशाच म्हाताऱ्या होणार, आणि पुढे वळू मिळायची आशा या नऊंच्या पोटातच होती. एवढं गणित तिला इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

"त्या तीन गाई गाभण होऊ देत," ती म्हणाली. "मग बघू."

लेक ताडकन उठली. "तो इथे असेपर्यंत मी या घरात पाऊल टाकणार नाही," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या बसने निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून चारा कोण घालणार, हा प्रश्न उरला. सासऱ्यांच्या गुडघ्यांनी राम म्हटला होता. शेजारी भले होते, पण त्या गोठ्याजवळ फिरकायला कुणी तयार नव्हतं. मग तिनेच दाताळं उचललं. सुरुवातीला ती गवत गजांमधून लांबूनच ढकलायची आणि तोंडाने शिव्या घालायची. आयुष्यात कधी न उच्चारलेल्या शिव्या. मुकादम खाता खाता कान हलवायचा. शिव्या संपल्या की ती नुसतीच उभी राहायची. मग काही दिवसांनी शिव्या जाऊन तिथे दुसरंच काही यायला लागलं. गवताची गंजी किती उतरली, कोणती गाय लंगडते, लेकीने आजही फोन उचलला नाही.

भर थंडीत एक गाय माजावर आली, आठवड्याने दुसरी. सासऱ्यांनी दोरी ओढून मधलं दार वर करायचं, तिने गाय आत सोडायची, काम झालं की गाय बाहेर, दार खाली. दोघंही एकमेकांकडे न बघता हे सगळं उरकायची. दोन्ही गाई गाभण राहिल्या. तिसरी, सगळ्यांत म्हातारी, तिलाही वळू दाखवून झाला. आता तीन आठवडे ती गप्प राहिली की संपलं. खाटकाला तसा निरोपही गेला.

विसाव्या दिवशी सकाळी म्हातारी गाय हंबरत कुंपणाशी येरझारा घालू लागली.

"उलटली," सासरे म्हणाले. गाय पुन्हा माजावर आली होती. म्हणजे पहिल्या खेपेला काही राहिलंच नव्हतं.

हे ऐकलं तेव्हा तिच्या हातात रिकामी बादली होती. छातीवरचं ओझं उतरावं तसं तिला हलकं वाटलं. मुकादमाला अजून काही आठवडे. दुसऱ्याच क्षणी आपल्याला नेमकं काय वाटलं ते तिच्या ध्यानात आलं. तिने बादली खाली ठेवली आणि घरात जाऊन उगीचच तोंड धुतलं.

हिवाळा सरायला आला तसे दिवस आणखी वाईट झाले. थंडी हटेना आणि गंजीचा तळ दिसायला लागला. गाईंच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. आधीच्या सहा गाभण गाईंपैकी एक चिखलात घसरून पडली आणि दोन दिवसांनी तिने मेलेलं वासरू टाकलं. कालवड होती. डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळंही नीट उमटलेली. सासरे ते वासरू पोत्यात गुंडाळत असताना ती खड्डा खणत होती. जमीन इतकी गोठलेली की कुदळ ठणठण वाजत होती.

गुरांची डॉक्टर गाय तपासायला आली तेव्हा तिने मुकादमाचा गोठा पाहिला. जमीन खरवडून स्वच्छ केलेली, कोरडं गवत अंथरलेलं.

"हे बाहेरून केलंत?" डॉक्टरने विचारलं.

"आतून."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"खाली ओल होती. खूर कुजायला लागले होते."

गाडीत बसल्यावर डॉक्टरने शहरात लेकीला फोन लावला.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेक आली. घरात कुणी दिसेना म्हणून मागे गेली. आई वळूच्या गोठ्यात होती, गजांच्या आत. एका हाताने तिने वेसण धरली होती आणि दुसऱ्या हातातल्या ब्रशने मुकादमाच्या मानेवर वाळून घट्ट झालेलं शेण सोडवत होती. वळूने डोळे अर्धे मिटले होते.

"आई," लेक हळूच म्हणाली. इस्पितळात घाबरलेल्या माणसांशी बोलताना ती तो आवाज वापरायची. "बाहेर ये."

आई सावकाश बाहेर आली. तिने अडसर लावला, ओढून पाहिला. मग लेकीचा आवाज चढला.

"त्यानं बाबांना मारलंय!"

"माहीत आहे. मीच होते तिथं."

"आणि तू त्याला आंघोळ घालतेस? लोक काय म्हणतायत माहितीये? मला तिकडे विचारतात, तुझी आई बरी आहे ना?"

"मग काय सांगतेस?"

"मला माहीत नाही म्हणून सांगते."

आई पाण्याच्या टाकीच्या कडेला बसली. ब्रश दोन्ही हातांत फिरवत राहिली.

"तू त्या दिवशी सारखी विचारत होतीस, बाबा शेवटी काही बोलले का. मी नाही म्हणाले. बोलले होते."

लेक तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी धावत आले तेव्हा शुद्ध होती त्यांना. भिंतीला टेकून बसले होते. हा तिकडे कोपऱ्यात उभा होता, आपण काय केलं ते कळल्यासारखा नाही, काही न कळल्यासारखा. तुझे बाबा मला म्हणाले, दार लाव. तो बाहेर जाईल."

"आणि?"

"आणि काही नाही. तेवढंच. माझं नाव नाही, तुझं नाव नाही. दार लाव." तिने नाक ओढलं. "आणि मी गेले गं दार लावायला. गंजलेला अडसर, बसता बसेना. बसवून परत आले तोवर संपलं होतं."

पलीकडे मुकादम भिंतीला अंग घासत होता.

"मी त्याच्यासाठी नाही करत," आई म्हणाली. "आधी तर नव्हतेच करत. त्यांनी जाता जाता एक काम सांगितलं, ते नीट संपवायचं होतं. मग रोज रोज करता करता... नाही सांगता येत गं. मलाच कळत नाही."

लेक राहिली. इस्पितळात तिने आठवड्याची रजा कळवली. दुपारी आजोबांच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायची, स्वयंपाक करायची, पण गोठ्याकडे एकदाही फिरकली नाही. आईनेही तिला बोलावलं नाही.

रजा संपता संपता डॉक्टर यंत्र घेऊन आली आणि म्हाताऱ्या गाईला बराच वेळ तपासत राहिली. शेवटी हात पुसत म्हणाली, "राहिलीय या वेळी. आठ झाल्या. यातला एक तरी गोऱ्हा निघाला की तुमची जात पुढे चालली." मग जरा घुटमळून म्हणाली, "खरं सांगू का? आता याला ठेवलात तरी चालेल. तुमचं ऐकतो तो."

"ऐकतो म्हणूनच नको," ती म्हणाली. "एक दिवस मी निर्धास्त होऊन पाठ फिरवीन. त्यांनी फिरवलीच होती."

सासऱ्यांनी मान हलवली. त्यांनीच खाटकाला फोन केला.

गाडी सकाळी आली. खाटीक जाडजूड माणूस होता, बरोबर दोन गडी आणि लांब काठ्या. मुकादमाची गोष्ट त्यांनी ऐकलेली असावी. कुणी गजांजवळ येईना.

"काठ्या ठेवा बाजूला," ती म्हणाली.

"बाई, आमचं रोजचं काम आहे. तुम्ही सरा."

"आणि मला याचं रोजचं माहीत आहे. गाडीची फळी टाका आणि मागे व्हा."

ती आत गेली. वेसणीला कासरा बांधला. मुकादमाने तिच्या खांद्याचा वास घेतला. ती पुढे चालू लागली तसा तोही निघाला. कुंपणाशी उभ्या असलेल्या गाईंपुढून जाताना तो थांबला. तिने ओढलं नाही. तो एकेकीकडे बघत उभा राहिला, तोवर तीही थांबली. मग पुन्हा चालली. फळीवर त्याचे खूर दणदण वाजले. गाडीत शिरून तिने कासरा कडीला बांधला, त्याच्या मानेवर एकदा हात टेकवला आणि बाजूच्या छोट्या दारातून उतरली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. गडी धावत येऊन मागची फळी उचलू लागले.

गाडी वळणाआड गेली तेव्हा सासरे घरात निघून गेले. ती मागच्या पायरीवर बसली. लेक दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"त्रास दिला का त्यानं?" लेकीने विचारलं.

"नाही. माझ्या मागे मागे आला."

ती वाकून बुटाची नाडी सोडायला लागली, पण गारठलेली बोटं वळत नव्हती आणि चिखलात गाठ घट्ट बसली होती. एकदा हात घसरला, दुसऱ्यांदा घसरला. तेव्हा लेक पायरी उतरून तिच्यासमोर खाली बसली आणि तिने आईचा पाय मांडीवर घेतला. बूट बाबांचे होते. सैल होऊ नयेत म्हणून आत दोन-दोन मोजे घातलेले. लेक क्षणभर त्या बुटांकडे बघत राहिली. मग नखांनी चिखल खरवडून ती गाठ सोडवू लागली.